हनुवटीखाली एक बोट

लायसन्सच्या ऑफिसच्या फाटकाबाहेर, भिंतीला लागून, एक लोखंडी टेबल असायचं. टेबलावर डिंकाची बाटली, स्टेपलर, शाईचं पॅड, आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं लिफ्टचं एक जाडजूड जुनं बेअरिंग. टेबलामागे फॉर्मताई. हे नाव तिला कोणी दिलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण चार वर्षांत ते असं चिकटलं होतं की आतले शिपाईसुद्धा लोकांना सांगत, "आधी फॉर्मताईंकडे जा, मग रांगेत उभे राहा, नाहीतर परत बाहेरच याल."

ते खरंही होतं. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, कुठे सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर यायला हवी, कोणता दाखला मूळ लागतो आणि कोणत्याची नक्कल चालते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. पण लोक तिला ओळखत ते मुख्यतः हेल्मेटमुळे. भिंतीतल्या खिळ्याला एक काळं हेल्मेट टांगलेलं असे. मोटारसायकलच्या परीक्षेला हेल्मेटशिवाय उभं करत नसत, आणि परीक्षेला येणाऱ्या दहांतले सहा जण ते घरी विसरून तरी यायचे, नाहीतर त्यांच्याकडे ते नसायचंच. मग फॉर्मताई खिळ्यावरचं हेल्मेट काढायची. फॉर्मचे पैसे ती घ्यायची, हेल्मेटचे काही नाही.

देण्याची मात्र तिची रीत ठरलेली होती. हेल्मेट कोणाच्या हातात द्यायचं नाही. आधी आतून स्वच्छ रुमाल अंथरायचा. मग ती म्हणे, "वाका." समोरचा कितीही दांडगा असो, वाकायचा. ती हेल्मेट डोक्यावर बसवायची, भुवयांच्या वर दोन बोटं अंतर बघायची, हनुवटीखाली पट्टा ओढायची आणि टक् असा आवाज आला की एक बोट पट्ट्याच्या आत सरकवून बघायची. एक बोट जायला हवं, दोन जाता कामा नयेत. "मान फार हलवू नका. पुढचं कोण?" परीक्षा देऊन माणूस परत आला की पुन्हा, "वाका." पट्टा तीच काढायची. एकदा एका घाईतल्या पैलवानाने स्वतःच काढून हेल्मेट टेबलावर ठेवलं, तर तिने त्याला ते पुन्हा घालायला लावलं आणि मग काढलं. तो म्हणाला, "ताई, देवळातला मुकुट आहे का हा?" ती म्हणाली, "नाही, पण ज्याने लावलाय त्यानेच काढायचा." रांगेतले हसले. तीही हसली.

दिवसाला अशी वीस-पंचवीस डोकी तिच्यापुढे झुकत. टक्कल पडलेली, तेल लावलेली, नुकतीच कातरलेली. ज्या एका डोक्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते डोकं टेबलाशेजारच्या स्टुलावर बसलेलं असे. ते मात्र झुकत नसे.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या शहरातल्या अडकलेल्या लिफ्टी सोडवायचा, मोटारसायकलवरून या इमारतीतून त्या इमारतीत. बोलका इतका, की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून गप्पा मारत काम करायचा, आणि बाहेर आलेला माणूस म्हणायचा, अजून पाच मिनिटं लागली असती तरी चाललं असतं. घरी मात्र खिडकीची कडी सहा महिने तुटलेली. ती म्हणायची, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो म्हणायचा, "फौजदार, उद्या नक्की." तिला तो फौजदार म्हणायचा, कारण ती त्याच्या पट्ट्याची रोज तपासणी करायची.

ती तपासणी लग्नाच्या पहिल्या महिन्यात सुरू झाली. एका सकाळी तो पट्टा न लावता निघाला होता, तिने दारात अडवून लावला. दुसऱ्या दिवशी तो दारात आला आणि डोकं खाली घालून नुसता उभा राहिला. तिने विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "फौजदार, तपासणी." झालं. तो खेळ तेव्हापासून सतरा वर्षं चालला. सकाळी तो वाकायचा, ती टक् करायची. संध्याकाळी घंटी वाजली की दार उघडायच्या आधीच तिला माहीत असायचं, बाहेर एक डोकं खाली घालून उभं आहे. मुलगी लहान होती तेव्हा ती दोघांच्या मधे घुसून म्हणायची, मलापण टक्. कामावर तो हेल्मेट काढायचा तेव्हा पट्टा सैल करून तसंच वरून ओढायचा, घालताना तसंच वरून दाबायचा. पण हे तिला कुठे माहीत होतं? तिला वाटायचं, मी लावलाय, म्हणजे दिवसभर लागलेलाच आहे.

त्या दिवशी सकाळी पाऊस-बिऊस काही नव्हता, साधा उन्हाचा दिवस होता. कडी नव्हती म्हणून रात्री खिडकी आपटत राहिली होती आणि ती चिडलेली होती. ती कपडे धूत होती, हात कोपरापर्यंत फेसात. तो येऊन मोरीच्या दाराशी डोकं खाली घालून उभा राहिला. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "हात नाहीत का तुम्हाला?" तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग हसला. "फौजदार संपावर," असं म्हणून गेला.

अपघात मोठा नव्हताच. सगळे हेच सांगत. वळणावर समोरून कोणीतरी एकदम रस्ता ओलांडला, त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली. गाडीच्या दिव्याची काचसुद्धा फुटली नाही. हाताला नाही, पायाला नाही, कुठे म्हणून ओरखडा नाही. हेल्मेट आधीच उडून गेलं होतं, ते रस्त्याच्या कडेला नाल्याच्या कठड्याशी धडधाकट मिळालं. मार फक्त डोक्याला.

इस्पितळात एका बाईने तिच्यापुढे फॉर्म ठेवला. नाव, वय, वेळ, आणि मग एक ओळ: हेल्मेट होतं का. पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. ती पेन हातात धरून बसून राहिली. होतं, आणि नव्हतं. ती बाई समजूतदार होती, म्हणाली, राहू द्या, मागाहून भरा. ते चौकोन कोरेच राहिले असावेत. पुढे आयुष्यात तिने हजारो फॉर्म भरले, एक रकाना कोरा म्हणून सोडला नाही, पण तो एक सुटला.

दोन महिन्यांनी तो घरी आला. चालायचा, जेवायचा, स्वतःची कामं स्वतः करायचा, कोणावर कधी चिडायचा नाही. लोक म्हणत, नशीब समजा. ती मान डोलवायची. पण पहिल्याच दिवशी तो पलंगावर नीट बसून, एखाद्या सज्जन पाहुण्यासारखा तिला म्हणाला होता, "अहो, पाणी मिळेल का थोडं?" सतरा वर्षं जी 'तू' होती, ती 'अहो' झाली. पुढे फाटकाशी टेबल मांडलं, त्याला घरी एकटं ठेवता येईना म्हणून ती त्याला रोज बरोबर आणून स्टुलावर बसवू लागली, तेव्हा तो इतरांचं ऐकून तिला 'ताई' म्हणायला लागला. सगळं जग म्हणतं तर आपणही म्हणावं, असा त्याचा सरळ हिशोब. रांगेतल्यांना कळलं की ते ओठ चावून हसू दाबायचे. तीच मग म्हणायची, "हसा हो. लग्नाच्या बायकोला ताई म्हणणारा नवरा मिळायला भाग्य लागतं." आणि घरी गेल्यावर भांडी जरा जास्तच जोरात घासायची.

ते हेल्मेट तिने का ठेवलं, का खिळ्याला टांगलं, याचं कारण ती कोणाला सांगत नसे. डॉक्टर बोलण्याच्या ओघात एकदा म्हणाले होते की हातांची आठवण डोक्याच्या आठवणीपेक्षा चिवट असते. तेवढ्या एका वाक्यावर ती चार वर्षं काढत होती. सुरुवातीला ती रोज सकाळी ते हेल्मेट त्याच्या हातात द्यायची आणि दारात उभी राहायची. तो ते फिरवून बघायचा, काच पुसायचा, आणि अदबीने तिला परत द्यायचा. मग तिला वाटलं, एकदा नाही, दहादा नाही, पण दिवसातून वीस वेळा, त्याच्या डोळ्यांसमोर, कोणीतरी वाकतंय आणि टक् होतंय, असं घडत राहिलं तर कधीतरी आत कुठेतरी अडकलेली लिफ्ट सुटेल. तो उठेल, येऊन डोकं खाली घालून उभा राहील. फौजदार म्हटलं नाही तरी चालेल. नुसता वाकला तरी पुरे.

मुलगी आता एकोणीस वर्षांची झाली होती. तिला एका तपासणी प्रयोगशाळेत काम मिळालं, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचं. त्याला दुचाकी हवी, दुचाकीला लायसन्स हवं. आईने एका शब्दात नाही म्हटलं. मुलगी म्हणाली, "सगळ्या गावाला लायसन्स मिळवून देतेस आणि पोटच्या पोरीला नाही?" आठवडाभर घरात कडकडीत अबोला. शेवटी आई थोडी मऊ झाली, म्हणाली, बरं, पण रोज सकाळी निघताना पट्टा मी लावणार. माझ्या हाताने. तसं कबूल असेल तर जा.

मुलगी ताटावरून उठली नाही. हातातला घास खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबांचा पट्टा तू रोज लावलास. म्हणून त्यांच्या बोटांना तो कधी माहीतच झाला नाही."

बोलून गेल्यावर तिचंच तोंड उतरलं. ती सॉरी म्हणाली, दोनदा म्हणाली. आई म्हणाली, जेव. स्वतः उठून खिडकीशी गेली. कडी तारेने बांधलेली होती, ती तिने उगाच पुन्हा आवळली. चार वर्षं तिने एकच दिवस धरून ठेवला होता, फेसाच्या हातांचा. त्या एका दिवसाचा दोष ती रोज थोडाथोडा उगाळत होती. त्याच्या मागच्या सतरा वर्षांकडे तिने त्या नजरेने कधी बघितलंच नव्हतं. ती तर तिची ठेव होती.

आणि दोनच दिवसांनी टेकलासाहेब स्वतः उठून टेबलापाशी आले.

टेकलासाहेब म्हणजे परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर. मैदानात चुन्याने इंग्रजी आठाचा आकडा काढलेला असायचा, त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची. साहेब कधी ओरडत नसत, रागवत नसत. एवढंच म्हणत, "टेकला." की माणूस नापास. ते कधी फाटकाबाहेर येत नसत, म्हणून ती उभी राहिली. त्यांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग सांगितलं की पहिल्या तारखेपासून परीक्षेला ज्याने त्याने स्वतःचं, स्वतःच्या मापाचं हेल्मेट आणायचं. उसनं चालणार नाही. आणि पट्टा साहेबांसमोर स्वतःच्या हाताने लावून दाखवायचा. "आपला हात जगन्नाथ," ते म्हणाले.  पुढचं सांगणं त्यांना जड जात होतं.

"इस्पितळातून एक यादी आली आहे, ताई. डोक्याला मार लागून आलेल्यांची. हेल्मेट होतं का, तर बऱ्याच जणांपुढे 'होतं' लिहिलंय. पण पट्टा उघडा. त्यातले कितीतरी आपल्याच मैदानातून पास झालेले."

 साहेबांनी खिळ्यावरचं हेल्मेट हातात घेतलं, आतला थर अंगठ्याने दाबून बघितला. म्हणाले, "हेही आता म्हातारं झालंय. आतला स्पंज मेला आहे. कोणाच्या डोक्यावर देऊ नका. शोभेला ठेवा." आणि जपून, दोन्ही हातांनी, परत खिळ्याला लावलं.

ती संध्याकाळपर्यंत हिशोब करत राहिली, पण तो आकड्यांचा नव्हता. किती डोकी वाकली असतील आपल्यापुढे? ती माणसं आली, मुकाट्याने वाकली, टक् ऐकलं, आठ काढला, परत येऊन वाकली आणि पास होऊन गेली. हनुवटीखालच्या त्या बकलला त्यांच्या बोटांचा स्पर्शसुद्धा झाला नाही. एका माणसाचं जे केलं तेच गावाचं केलं, आणि तेही प्रेमापोटीच.

दुसऱ्या दिवसापासून, महिना संपायला आठवडा उरला होता तरी, तिने रीत बदलली. आतल्या एका कारकुनाने आपलं चांगलं हेल्मेट तेवढ्या आठवड्यापुरतं दिलं. ती ते हातात द्यायची आणि म्हणायची, स्वतः लावा. लोक गोंधळायचे. एक जण म्हणाला, ताई रागावल्या का? कोणी पट्टा कानामागे अडकवला, कोणी बकल उलटं धरलं. एका मास्तरांना ते पाच मिनिटं जमेना, तेव्हा तिचे हात नुसते शिवशिवले. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तोंडाने सांगत राहिली. डावा भाग वर, उजवा त्यात सरकवा, आवाज येईपर्यंत. आता बोट घाला.

या सगळ्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, पण तिने तिला महत्त्व दिलं नाही. स्टुलावरचा माणूस अस्वस्थ झाला होता. मास्तरांची धडपड बघताना त्याची बोटं मांडीवर हलत होती.

मुलीची परीक्षा महिन्याच्या शेवटच्या दिवशी आली. तिने पहिल्या उचलीतून स्वतःचं हेल्मेट आणलं होतं, निळं. आईने तिचा फॉर्म भरला, फोटो चिकटवला, सही कुठे ते दाखवलं, जणू अनोळखी पोरगी. मग मुलीने हेल्मेट डोक्यावर घेतलं आणि आईचे हात आपोआप पुढे गेले. मुलगी एक पाऊल मागे सरली. तिने स्वतः पट्टा ओढला. टक्. मग तेच पाऊल पुढे आली आणि हनुवटी वर केली.

"बोट घालून बघ."

आईने बोट घातलं. एक गेलं. दुसरं जाईना.

"जा," ती म्हणाली.

मैदानात काय झालं ते तिने बघितलं नाही. ती पाठ करून डिंकाच्या बाटलीचं झाकण पुसत होती. कान मात्र तिकडेच होते. 'टेकला' हा शब्द आला नाही. पाच मिनिटं झाली, आला नाही. मग शिपाईच ओरडला, "फॉर्मताई, पोरगी पास!" मुलगी पळत आली, आईला मिठी मारली, निळं हेल्मेट आईच्या कपाळाला आपटलं, तशी दोघी हसल्या. बाबांना तिने सांगितलं, बाबा, मी पास झाले. तो उठून उभा राहिला आणि मोठ्या मनापासून म्हणाला, "अभिनंदन." मग तिला कामावर कागद दाखवायचे होते, ती गेली.

दुपारी मैदान रिकामं झालं. चुन्याचा आठ पुसट झाला होता. तिने टेबल आवरलं, बेअरिंग पिशवीत टाकलं, आणि खिळ्यावरून काळं हेल्मेट काढलं. उद्यापासून खिळा रिकामा राहणार. गेला आठवडाभर त्याच्यासमोर कोणी वाकलं नव्हतं, आणि यापुढेही वाकणार नव्हतं. डॉक्टरांचं ते एक वाक्य जणू आजच्या तारखेला संपत होतं. हेल्मेट तिने नाकाशी धरलं. त्याचा वास त्यातून कधीच गेला होता, आता तिथे सगळ्या गावाच्या डोक्यांचा वास होता.

आणि मग, का ते तिला नंतरही सांगता आलं नाही, तिने ते स्वतःच्या डोक्यावर घातलं. इतक्या वर्षांत प्रथमच. ते ढगळ होतं, भुवयांवर उतरलं. पट्टा दोन्हीकडे लोंबत होता. ती स्टुलासमोर गेली, आणि वाकली.

बराच वेळ तिला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. मग चपला हलल्या. तो उठला होता. त्याने आधी हात पँटला पुसले. हेल्मेट दोन्ही हातांनी मागे सारून नीट बसवलं, भुवयांवर दोन बोटं ठेवून अंतर बघितलं. पट्टा ओढला. बकल सापडायला त्याला वेळ लागला, पण तिने मदत केली नाही. टक्. मग हनुवटीखाली एक बोट आलं, खरखरीत, ओळखीचं.



"मान फार हलवू नका," तो म्हणाला. आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत, अगदी तिच्याच स्वरात, "पुढचं कोण?"

तिला आधी हसू आलं आणि मग जे आलं ते काचेआड राहिलं. हे त्या दारातलं नव्हतं. सतरा वर्षांतलं काहीच नव्हतं यात. हे स्टुलावरचं होतं, तिच्याकडूनच एकेक दिवस करून शिकलेलं. ज्याची वाट बघितली तो आला नव्हता. दुसराच कोणीतरी हात पुसून पुढे आला होता, आणि त्यालाही ते येत होतं.

"पुढचं कोणी नाही," ती म्हणाली. "मीच शेवटची."

त्याने मान डोलवली, स्टूल उचललं. दोघं घरी निघाली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, ताई, हेल्मेट घालून पायीच? ती म्हणाली, ज्याने लावलाय त्यानेच काढायचा, आणि त्याने अजून 'वाका' म्हटलेलं नाही. झेरॉक्सवाला हसला. दोन शाळकरी मुली वळून वळून बघत होत्या. हेल्मेटच्या आत सगळे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते, स्वतःचा श्वास तेवढा मोठा. तो एका पावलाने मागून स्टूल घेऊन येत होता.

घराच्या दाराशी तिने कुलूप काढलं, पण आत गेली नाही. उंबऱ्याच्या बाहेरच वळली, त्याच्यासमोर डोकं खाली घातलं, आणि थांबली.